रॉक मासिकाचा वाचक नेमका कोण?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा रोख एकच आहे : रॉक संगीताला वाहिलेल्या मासिकाचा वाचकवर्ग ओळखावा कसा. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याविषयीच्या समजुती फार ढोबळ आहेत, म्हणून हे सदर या वेळी संपूर्णपणे त्या चार पत्रांना दिले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी माध्यम अभ्यासाच्या पदवी वर्गात शिकते. वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी एका नव्या रॉक मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मुख्य लेखाची दोन पाने तयार करायची आहेत. त्याआधी मासिकाचा लक्ष्य वाचकवर्ग लिहून द्यायचा आहे. मी ‘१५ ते ३० वर्षे वयाचे, मुख्यतः पुरुष, रॉक संगीताची आवड असणारे’ असे लिहिले. मार्गदर्शकांनी समासात ‘म्हणजे कोण?’ एवढेच लिहून कागद परत केला. माझे चुकले कोठे?

उत्तर : आपले वाक्य खोटे नाही, पण त्याचा उपयोग होत नाही. वाचकवर्गाची व्याख्या संपादकाला लागते ती निर्णय घेण्यासाठी. एखादा चांगला लेख हाती आला, तरी ‘हा आपल्या वाचकासाठी नाही’ असे म्हणून तो बाजूला ठेवता आला पाहिजे. ज्या व्याख्येच्या आधारे एकही लेख नाकारता येत नाही, ती कागदावर असली काय आणि नसली काय, सारखेच. आपल्या वाक्यातला पंधरा वर्षांचा वाचक पहिल्यांदाच एखाद्या बँडच्या प्रेमात पडलेला असतो, त्याच्या भिंतीवर पोस्टरसाठी जागा असते आणि हातखर्चाला मिळणारा जवळजवळ प्रत्येक पैसा तो संगीतावर उडवू शकतो. तीस वर्षांच्या वाचकाने तोपर्यंत दोन-तीन आवडी बदललेल्या असतात, तो नोकरीला लागलेला असतो, त्याच्याकडे पैसा थोडा अधिक आणि वेळ बराच कमी असतो. या दोघांसाठी एकच मुखपृष्ठ तयार करू गेल्यास ते दोघांपैकी कोणालाच आपले वाटणार नाही.

ब्रिटनमधील एक उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. १९९०च्या दशकात ईमॅप या एकाच प्रकाशन कंपनीकडे ‘केरँग!’, ‘क्यू’ आणि ‘मोजो’ अशी तीन नियतकालिके होती. तिन्ही रॉकवर लिहीत असत आणि काही बँड तिन्हींत झळकत, तरीही कंपनीने ती एकत्र केली नाहीत, कारण तिन्हींचे वाचक वेगळे होते.

‘केरँग!’चा जन्म जून १९८१मधला. ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकाची हेवी मेटल या कर्कश, दणदणीत रॉक प्रकाराला वाहिलेली विशेष पुरवणी म्हणून ते निघाले. जेफ बार्टन त्याचे संपादक होते आणि पहिल्या मुखपृष्ठावर एसी/डीसी या बँडचा गिटारवादक अँगस यंग होता. नाव तरी काय, तर विजेवर चालणाऱ्या गिटारच्या तारांवर जोरात हात मारल्यावर उमटणारा आवाज! त्या काळी बहुतेक संगीत समीक्षक हेवी मेटलला नाक मुरडत असत आणि ते ऐकणाऱ्या मुलांना आपली कोठेच दखल घेतली जात नाही असे वाटे. ‘साउंड्स’ने १९७९पासूनच नव्या ब्रिटिश मेटल बँडच्या लाटेला नाव आणि जागा दिली होती, आणि पुरवणीने त्या मुलांना स्वतःचे घर दिले. पुरवणीचे स्वतंत्र नियतकालिक झाले आणि पुढे ते साप्ताहिकही झाले. ‘मेटल ऐकणारे तरुण’ एवढ्या वर्णनाने हा वाचकवर्ग कळत नाही. इतरांनी हिणवलेली आवड तो अभिमानाने मिरवत होता, हे लक्षात घेतले की मोठी अक्षरे, गडद रंग, पोस्टर आणि वाचकांच्या पत्रांमधला आरडाओरडा या सगळ्याची संगती लागते.

‘क्यू’ १९८६मध्ये निघाले. त्यामागचे मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ हे दोघेही आधी ‘स्मॅश हिट्स’ या किशोरवयीन वाचकांच्या पॉप नियतकालिकाशी संबंधित होते, म्हणजे लहान वाचक त्यांना चांगला ठाऊक होता. नव्या मासिकात मात्र त्यांनी मोठ्या झालेल्या श्रोत्याकडे मोर्चा वळवला. तो काळ सीडीचा होता. लोक नवे संगीत तर विकत घेत होतेच, शिवाय घरातले जुने अल्बम नव्या रूपात पुन्हा घेत होते, आणि कोणत्या अल्बमवर पैसे घालावेत हे त्यांना विश्वासाने सांगणारे कोणीतरी हवे होते. म्हणूनच ‘क्यू’चा परीक्षण विभाग भरगच्च असे आणि प्रत्येक अल्बमला तारे दिलेले असत. १९९३मध्ये आलेले ‘मोजो’ आणखी मागे वळले. त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर बॉब डिलन आणि जॉन लेनन होते. ज्या वाचकाला एखाद्या जुन्या अल्बमचे ध्वनिमुद्रण कसे झाले याची पंधरा पानी हकिकत वाचायला हवी असते, आणि ती वाचल्यावर तो अल्बम पुन्हा लावून ऐकावासा वाटतो, तो ‘मोजो’चा वाचक.

या तीन उदाहरणांतून मी जो निष्कर्ष काढतो तो असा : रॉक मासिकाच्या बाबतीत वयापेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. वाचक या संगीताच्या नात्यात आज कोणत्या टप्प्यावर आहे, तो या संगीताचे करतो काय, आणि त्याला आधीपासून किती ठाऊक आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. कोणी नुसते ऐकतो, कोणी कार्यक्रमांना जातो, कोणी रेकॉर्ड जमवतो, कोणी स्वतः वाजवतो. वाजवणाऱ्यांसाठी तर ‘गिटार प्लेअर’ १९६७मध्ये आणि ‘गिटार वर्ल्ड’ १९८०मध्ये सुरू झाले. त्यांच्या वाचकाला गायकाच्या घटस्फोटापेक्षा त्या गाण्यातल्या गिटारचा आवाज कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आणि कोणत्या पेडलमधून आला, हे जाणून घ्यायचे असते.

तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र थोडे थांबायला हवे, कारण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो बहुधा सुटून जातो. वाचकाला काय ठाऊक आहे यावर प्रत्येक वाक्याची घडण अवलंबून असते. ‘रिफ’ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, हे आपण समजावून सांगणार की गृहीत धरणार? बँडमधून पूर्वीच बाहेर पडलेल्या ड्रमरचे नुसते नाव लिहिले तर वाचकाला पुरेल, की तो कोण हे सांगावे लागेल? जाणकारासाठी प्रत्येक गोष्ट उकलून सांगितली की त्याला अपमान वाटतो, आणि नवख्यासाठी काहीच सांगितले नाही की आपल्याला दाराबाहेर ठेवले आहे असे त्याला वाटते. रॉकच्या वाचकाला तर ही दुसरी जखम फार लागते, कारण पुष्कळदा इतरत्र कोठे सामावून न घेतल्यामुळेच तो या संगीताकडे आलेला असतो. कुशल संपादक एका अर्ध्या वाक्यात नवख्याला आत घेतो आणि जाणकाराला त्याची जाणीवही होऊ देत नाही. हे कसब आपल्या दोन पानी लेखात दिसले, तर मार्गदर्शकांना वाचकवर्ग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्या अभ्यासक्रमात माध्यमांच्या ‘उपयोग आणि समाधान’ या सिद्धान्ताचा भाग असेलच. जे ब्लुम्लर आणि कॅट्झ यांच्या नावाशी जोडले जाते, ते विवेचन सांगते की वाचक माध्यमाकडे माहितीसाठी, स्वतःच्या ओळखीसाठी, इतरांशी जोडले जाण्यासाठी आणि विरंगुळ्यासाठी येतो. चारही कारणे लिहून मोकळे होऊ नका. रॉक मासिकात ओळखीचे पारडे सर्वांत जड असते असे मला ठामपणे वाटते. बँडचे नाव छापलेला टी-शर्ट घालणे आणि ते मासिक हातात धरून बसणे या एकाच जातीच्या कृती आहेत. म्हणूनच आवडत्या बँडच्या अल्बमला दोन तारे मिळाले की वाचक जे पत्र पाठवतो, त्यात मतभेदापेक्षा दुखावलेपण अधिक असते.

आता आपले वाक्य नव्याने लिहून पाहू. ‘सतरा-अठरा वर्षांची व्यक्ती, दोन वर्षांपूर्वी मोठ्या भावंडाच्या संग्रहातून या संगीताशी ओळख झाली, आता ती स्वतःचे बँड स्वतः शोधू पाहते, गाणी बहुतेक मोबाइलवर ऐकते, पण सर्वांत प्रिय अल्बमची रेकॉर्ड जपून ठेवते, मित्रांसह छोट्या सभागृहातल्या कार्यक्रमांना जाते, वाद्य शिकायला सुरुवात केली आहे, जुन्या बँडची नावे ठाऊक आहेत, पण इतिहास ठाऊक नाही आणि तसे कबूल करायला संकोच वाटतो.’ या परिच्छेदातला शेवटचा अर्धा भाग सर्वांत मोलाचा आहे. त्यातून एक सदर आपोआप सुचते : दर महिन्याला एका जुन्या अल्बमची, कोणालाही खजील न करता करून दिलेली ओळख. वर्णनात कपड्यांच्या आणि फोनच्या कंपन्यांची यादी घालण्याचा मोह होईल, तो आवरा. त्या यादीतून दुकान दिसते, माणूस दिसत नाही.

प्रश्न : मी गेली सहा वर्षे ड्रम वाजवते आणि रॉकवरचे मिळेल ते वाचते. तरीही बहुतेक नियतकालिके माझ्यासाठी लिहिलेली नाहीत असे वाटत राहते. ‘रॉकचा वाचक मुख्यतः पुरुष’ हे गृहीतक खरे आहे का?

उत्तर : आपल्याला जे वाटते त्याला आधार आहे. वाचक पाहणीत मोजले जातात ते असलेल्या मासिकाचे वाचक. ते मासिक चाळून परत जागेवर ठेवणारी बाई त्या मोजणीत कोठेच येत नाही. पुरुष वाचतात म्हणून पुरुषांसाठी लिहायचे, आणि पुरुषांसाठी लिहिले म्हणून पुरुषच वाचतात, असे ते चक्र फिरत राहते. १९६३-६४मध्ये बीटल्सच्या कार्यक्रमांत सभागृहे दणाणून सोडणाऱ्या श्रोत्यांत मुलींची संख्या फार मोठी होती. त्यांच्या उत्साहावर हे संगीत जगभर पोचले. पुढे रॉकवर गंभीरपणे लिहिणे सुरू झाले तेव्हा मात्र त्याच मुलींच्या आवडीला ‘किंचाळणे’ म्हणून बाजूला काढले गेले. हा अन्याय होता असे मी मानतो, आणि त्याचे पडसाद अजून विरलेले नाहीत.

लिहिणाऱ्या स्त्रिया तेव्हाही होत्या. पंक या बंडखोर रॉक प्रकाराची लाट ब्रिटनमध्ये उसळत होती तेव्हा ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकात कॅरोलाइन कून तिची दखल घेत होत्या, ‘साउंड्स’मध्ये व्हिव्हियन गोल्डमन होत्या, तर १९७६मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ने नव्या दमाच्या लेखकांसाठी दिलेल्या जाहिरातीतून ज्यूली बर्चिल आणि टोनी पार्सन्स निवडले गेले. त्यामुळे ‘स्त्रियांसाठी एक खास पान’ हा उपाय मला मुळीच मान्य नाही. मासिक कोणासाठी आहे हे बारीक गोष्टींतून कळते : बँडमधल्या पुरुषाला गिटारविषयी आणि स्त्रीला कपड्यांविषयी विचारले आहे का, ड्रमच्या परीक्षणासोबत छापलेल्या छायाचित्रात ड्रमसमोर कोण बसले आहे, ‘आपण सगळे मित्र’ असे म्हणताना लेखकाच्या डोळ्यांसमोर कोण आहे. एवढे सुधारले, तर व्याख्येतून ‘मुख्यतः पुरुष’ हे शब्द काढावेच लागतील.

प्रश्न : आम्ही पाच मित्र मिळून रॉकवरचे छापील त्रैमासिक सुरू करत आहोत. समाजमाध्यमांवर आमचे अनुयायी भरपूर आहेत, पण वाचक पाहणी करून घेण्याइतके पैसे नाहीत. आमचा वाचक आम्हाला कसा कळेल? छोट्या आवृत्तीने भागेल का?

उत्तर : प्रथम अनुयायांच्या आकड्याविषयी. फुकट मिळणारी गोष्ट घेणारे आणि ती नसल्यास हळहळणारे या दोन वेगळ्या संख्या आहेत. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ १९५२पासून निघत होते आणि त्याच वर्षी ब्रिटनमधली विक्रीवर आधारित पहिली एकगीत क्रमवारी त्याने छापली. पैसे देऊन ते घेणाऱ्यांची संख्या उतरत उतरत सुमारे १५,००० झाली, तेव्हा सप्टेंबर २०१५पासून ते फुकट वाटले जाऊ लागले आणि वितरण तीन लाखांवर गेले. तरीही मार्च २०१८मध्ये छापील साप्ताहिक बंद झाले. कागदाचा आणि छपाईचा वाढता खर्च, जाहिरातींचा आटलेला ओघ ही कारणे होतीच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला आवडावे म्हणून विषय पसरत गेले, आणि ‘हे माझे साप्ताहिक’ असे म्हणणारा माणूस दिसेनासा झाला. २०२३मध्ये ते दर दोन महिन्यांनी छापील रूपात परत आले, ते मर्यादित प्रतींत आणि विकत.

छोट्या आवृत्तीची लाज बाळगण्याचे कारण नाही. १९६६मध्ये ‘क्रॉडॅडी’ हे नियतकालिक सुरू करणारे पॉल विल्यम्स सतरा वर्षांचे विद्यार्थी होते, आणि रॉकविषयी गांभीर्याने लिहिलेले वाचायला मिळत नाही म्हणून त्यांनी ते चक्रमुद्रित करून काढले. १९७६मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी यांनी ‘स्निफिन ग्लू’ या नियतकालिकाचा पहिला अंक छायाप्रती काढून तयार केला, त्याही जेमतेम पन्नासच्या आसपास, वर्षभरात ते नियतकालिक हजारोंच्या हाती पोचले. या दोघांनाही वाचक शोधावा लागला नाही, कारण पहिला वाचक ते स्वतः होते. आपण पाचजण आहात, म्हणजे आपल्यापाशी पाच वाचक आहेत. फक्त पाचांच्या आवडी सारख्याच असतील तर सावध राहा, मित्रांना विचारून आलेले उत्तर हे आपलेच प्रतिबिंब असते.

पाहणीसाठी पैशांपेक्षा सवड लागते. कार्यक्रम सुरू होण्याआधी बाहेर रांग लागते, तेथे उभे राहून बोला. ‘असे मासिक आवडेल का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे भिडेखातर होकार देतात. घडून गेलेल्या गोष्टी विचारा : शेवटचा अल्बम कोणता घेतला, त्याविषयी कोठून कळले, गेल्या वर्षात कितीदा पैसे देऊन कार्यक्रमाला गेलात, संगीतावरचा शेवटपर्यंत वाचलेला शेवटचा लेख कोणता. या चौथ्या प्रश्नाच्या उत्तराआधी माणूस किती वेळ थांबतो, तेही टिपून ठेवा. मी संपादन विभागात काम करत असताना पाहणीच्या तक्त्यांपेक्षा जास्त शिकलो ते पत्रांच्या गठ्ठ्यातून. पत्र पाठवणारा प्रातिनिधिक नसतो हे खरे, पण कोणत्या चुकीवर वाचक चिडतो हे फक्त तोच सांगतो. पहिल्या अंकात पत्रांसाठी पत्ता द्या आणि दुसऱ्या अंकात टीकेची पत्रेही छापा.

एक व्यवहाराची गोष्ट. खप आणि वाचकसंख्या यांची गल्लत करू नका. एक प्रत घरात, वसतिगृहात किंवा बँडच्या सरावाच्या खोलीत चार-पाचजण वाचतात. जाहिरातदाराला दोन्ही आकडे वेगवेगळे आणि खरे सांगा.

जाहिरातदार आपल्याला वाचकांचा आर्थिक गट विचारतील, त्याचीही तयारी असावी. ब्रिटनमध्ये घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीच्या व्यवसायावरून ए, बी, सी१, सी२, डी आणि ई असे गट पाडण्याची पद्धत आहे आणि माध्यम अभ्यासाच्या पुस्तकांतून ती सर्वत्र पसरली आहे. विद्यार्थी वाचकाच्या बाबतीत ती फसवी ठरते, कारण त्याचे उत्पन्न नगण्य असले तरी गिटारच्या तारा, हेडफोन, तिकिटे, टी-शर्ट या ठरावीक गोष्टींवर तो सढळपणे खर्च करतो. जाहिरातदाराला गट सांगण्यापेक्षा वाचक काय विकत घेतो ते सांगा. मात्र ज्या अल्बमची जाहिरात घेतली आहे त्याचे परीक्षण सौम्य करण्याची मागणी झाली, तर ती पहिल्याच वेळी नाकारा. वाचकाला हे लगेच कळते.

प्रश्न : माझे वय ४४. शाळेत असल्यापासून एक रॉक नियतकालिक नेमाने घेत आलो. गेली काही वर्षे त्यातले बँड ओळखीचे वाटत नाहीत आणि सूरही पोरकट वाटतो. आमच्यासारख्या जुन्या वाचकांना वाऱ्यावर सोडणे योग्य आहे का?

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो, पण संपादकाची बाजूही सांगतो. वाचकाचे वय दर वर्षी एकाने वाढते, आणि अशा वेळी नियतकालिकापुढे दोन वाटा असतात : वाचकासोबत मोठे होत जायचे, किंवा आपल्या वयावर थांबून राहायचे आणि दर काही वर्षांनी नवा वाचक मिळवायचा. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. १९९८मध्ये निघालेल्या ‘क्लासिक रॉक’ने पहिली निवडली. एखाद्या बँडची चाळीस वर्षांची वाटचाल ज्यांनी स्वतः पाहिली, त्यांच्यासाठी ते आहे. आपण घेत असलेल्या नियतकालिकाने दुसरी निवडलेली दिसते. पहिल्या वाटेचा धोका असा की वाचक उतरणीला लागला की मासिकही उतरते, आणि दुसरीचा असा की आपल्यासारखी वर्षानुवर्षांची निष्ठा मागे पडते. तिसरी वाट, म्हणजे एकाच अंकात अर्धी पाने आपल्याला आणि अर्धी सोळा वर्षांच्या मुलाला देणे, ही फार वेळा आजमावली जाते. तिच्यात दोघांनाही अर्धा अंक वाया गेल्यासारखा वाटतो.

आपण शाळेत असताना त्या अंकांतून पोस्टर काढून भिंतीवर लावत होता, तेव्हा त्या वेळच्या ४४ वर्षांच्या वाचकालाही तो सूर पोरकटच वाटत असणार. वर्गणी संपल्यावर ती पुढे चालू ठेवण्याआधी एखाद्या इतिहासप्रधान मासिकाचे दोन-तीन अंक विकत घेऊन पाहावेत. आणि सध्याच्या नियतकालिकाचे जुने अंक मात्र कोणालाही देऊन टाकू नयेत.